अनावर मूत्राशय आणि स्नायू सैल करणारी सुई

ज्या विकारांविषयी घरातल्या माणसांशीदेखील बोलण्याचा संकोच वाटतो, अशा विकारांत लघवी अडवून धरता न येणे हा एक प्रमुख विकार होय. ताप आला, हात मोडला, पोटात दुखू लागले, तर माणूस शेजाऱ्याला सांगतो, सल्ला विचारतो आणि दवाखान्याची वाट धरतो. परंतु लघवीची भावना झाल्यावर मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले होतात, ही गोष्ट पन्नाशीतील गृहिणी आपल्या सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. काणकोणहून पणजीला यावयाचे असेल तर ती आदल्या रात्रीपासून पाणी तोडते, बसमध्ये दाराजवळची जागा धरते, आणि पुढे पुढे प्रवासच टाळू लागते. लग्नकार्यात ती मागच्या रांगेत बसते. रात्रीच्या कीर्तनाला जाणे सोडून देते. वर्ग चालू असताना तीनतीनदा बाहेर जावे लागणारे शिक्षक आणि कचेरीत सहकाऱ्यांच्या थट्टेचा विषय होणारे कारकून हेही याच विकाराचे बळी असतात.

‘वय झाले की असे व्हायचेच’ ही समजूत सर्वत्र रूढ आहे. खेदाची बाब अशी की, ती सुशिक्षितांतही तितकीच घट्ट रुजलेली आढळते. वयाबरोबर या तक्रारीचे प्रमाण वाढते हे खरे. परंतु मोतिबिंदूचे प्रमाणही वयाबरोबर वाढते, म्हणून कोणी त्याचा उपचार करावयाचे टाळीत नाही. लघवीच्या या विकारावर अनेक उपचार आहेत. त्यांपैकी एका उपचाराची, म्हणजे मूत्राशयाच्या स्नायूत सुई टोचून तो काही महिन्यांपुरता सैल करण्याच्या पद्धतीची, माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. हा पहिल्या पायरीचा उपचार नव्हे, तो सर्वांना लागू पडत नाही आणि त्याचा गुण कायम टिकत नाही. या तिन्ही मर्यादा ठाऊक असलेल्या रुग्णानेच तो पत्करावा, हे येथे आरंभीच नमूद करणे इष्ट होईल.

मूत्राशयाचे कार्य

दोन्ही मूत्रपिंडांत अहोरात्र तयार होणारे मूत्र थेंबाथेंबाने मूत्राशयात उतरत असते. दिवसाकाठी ते सुमारे दीड लिटर भरते. मूत्राशय ही ओटीपोटातील एक स्नायुमय पिशवी असून निरोगी प्रौढ माणसाच्या पिशवीत सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. पिशवी भरत असताना तिच्या भिंतीतील स्नायू सैल असतो. खाली मूत्रमार्गाच्या तोंडाशी मुठीसारखा आवळून धरणारा दुसरा स्नायू असतो. त्याला परिसंकोची स्नायू म्हणतात. तो या काळात घट्ट मिटलेला राहतो. दीड-दोनशे मिलिलिटर मूत्र साठले की पहिली सूचना मज्जारज्जूवाटे मेंदूकडे जाते. मेंदू तिची नोंद घेतो आणि सोयीची जागा व वेळ मिळेपर्यंत थांबण्याची आज्ञा देतो. ती मिळाली की आज्ञा बदलते. भिंतीतील स्नायू आकुंचन पावतो, खालची मूठ उघडते आणि पिशवी रिकामी होते. तान्ह्या मुलाच्या बाबतीत मेंदूचा हा अंमल बसलेला नसतो, म्हणून त्याची पिशवी भरली की आपोआप रिकामी होते. पुढे दोन-तीन वर्षांत मूल हा अंमल शिकते आणि मग जन्मभर त्याची आठवणही राहत नाही.

भिंतीतील स्नायूला आकुंचनाची आज्ञा चेतातंतूंकडून मिळते. मात्र चेतातंतूचे टोक व स्नायू यांच्यामध्ये अतिसूक्ष्म अंतर असते. पत्र टपाल कचेरीत येऊन पडले तरी ते घरी नेऊन देणारा टपालवाला लागतो. चेतातंतूचे टोक ही टपाल कचेरी मानली, तर अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रासायनिक द्रव्य हा येथील टपालवाला होय. हे द्रव्य तंतूच्या टोकातून बाहेर पडून स्नायूवर पोहोचते तेव्हाच स्नायू आवळतो. सुईच्या उपचाराचे सारे मर्म या एका गोष्टीत साठलेले आहे.

एकच तक्रार, निरनिराळी कारणे

‘लघवी राहत नाही’ या तीन शब्दांत निदान चार वेगळे विकार लपलेले असतात आणि त्यांचे उपचार एकमेकांपासून सर्वस्वी भिन्न आहेत. येथे घोटाळा झाला तर पुढचे सर्व श्रम वाया जातात.

खोकताना, शिंकताना, हसताना किंवा पाण्याची कळशी उचलताना थोडी लघवी निसटते, अशी तक्रार बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत विशेष आढळते. येथे पिशवीचा काही दोष नसतो. ओटीपोटाचा तळ तोलून धरणारे स्नायू ढिले पडलेले असतात. त्यासाठी व्यायाम आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया हे उपाय आहेत. पिशवी सैल करणाऱ्या सुईचा येथे उपयोग नाही.

दुसरा प्रकार अनावर मूत्राशयाचा. पिशवी अर्धीही भरलेली नसताना तिच्या भिंतीतील स्नायू मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहता स्वतःहून आवळू लागतो. लघवीची भावना हळूहळू वाढत न जाता एकदम येते, ती आवरत नाही, आणि मोरी दूर असेल तर वाटेतच लघवी होते. असे रुग्ण दिवसातून आठ वा त्याहून अधिक वेळा आणि रात्रीही उठून लघवीला जातात. घराच्या कुलपाला किल्ली लावताना किंवा नळाच्या पाण्याचा आवाज ऐकताच घाई होणे, हे अनेक रुग्ण सांगतात. पुष्कळांच्या बाबतीत या दोषाचे निश्चित कारण सापडत नाही. काहींत मात्र ते स्पष्ट असते. माडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडून पाठीचा कणा मोडला व मज्जारज्जूला इजा झाली, पक्षाघात झाला, कंपवात जडला किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा चेतासंस्थेचा रोग झाला, की मेंदू आणि पिशवी यांच्यामधील दळणवळण बिघडते. मज्जारज्जूच्या इजेत तर पिशवी आतल्या आत इतक्या जोराने आवळते की मूत्राचा दाब उलट मूत्रपिंडांवर पडतो आणि वर्षांनुवर्षे दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा रुग्णाच्या बाबतीत कपडे ओले होण्यापेक्षा आत काय बिघडत आहे, हीच अधिक काळजीची बाब असते.

तिसरा प्रकार याच्या अगदी उलट आहे. पिशवी कधी पुरती रिकामीच होत नाही आणि भरून वाहणाऱ्या हौदाप्रमाणे थेंब थेंब गळत राहते. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या वृद्ध पुरुषांत आणि जुन्या मधुमेहाने चेतातंतू दुबळे झालेल्या रुग्णांत हा प्रकार दिसतो. अशा माणसाला स्नायू सैल करणारी सुई दिली तर लघवी साफ अडून बसेल. चौथा प्रकार म्हणजे बाळंतपणात मूल फार वेळ अडकून राहिल्याने मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये भगदाड पडणे. यात अहोरात्र, निजेतसुद्धा, लघवी गळत असते. त्यावर शस्त्रक्रिया हाच खरा उपाय आहे.

याखेरीज मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मूत्राशयातील खडा, क्वचित मूत्रसंस्थेचा क्षय किंवा अर्बुद यांमुळेही वारंवार लघवी होते. लघवीतून रक्त जात असेल तर एक दिवसही न दवडता तपासणी करून घ्यावी. मधुमेहात तर लघवीचे प्रमाणच वाढते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, म्हणजे २६.४ टक्के, गोव्यात आढळले. तेव्हा वारंवार लघवी होणाऱ्या माणसाने पिशवीला दोष देण्यापूर्वी रक्तातील साखर तपासून घेणे, हे गोव्यात तरी सर्वात आधी करावयाचे काम होय.

सुईपूर्वीच्या पायऱ्या

निदान झाल्यावर लगेच सुईकडे वळण्याचे कारण नसते. पहिला उपचार फुकट आहे आणि तो घरीच करावयाचा आहे. तीन दिवस एका वहीत प्रत्येक वेळची नोंद ठेवावी: किती वाजता लघवी झाली, मापाच्या भांड्यात ती किती भरली, काय व किती प्यायले, कपडे ओले झाले का. ही साधी वही डॉक्टरांना महागड्या तपासण्यांइतकीच, किंबहुना काही वेळा अधिकही, माहिती देते. चहा-कॉफीचे प्रमाण कमी करावे. पाणी मात्र तोडू नये. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होऊन पिशवीला अधिकच चाळवते आणि वर बद्धकोष्ठता होते, ती वेगळीच.

त्यानंतर पिशवीला वळण लावावयाचे. दर तासाला जावे लागत असेल तर आणखी दहा-पंधरा मिनिटे नेटाने थांबावयाचे, ते जमले की पुन्हा थोडे वाढवावयाचे, असे करीत दोन-तीन तासांपर्यंत अंतर नेता येते. याला निदान सहा आठवडे द्यावे लागतात. जोडीला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम करावा. अमेरिकेतील डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हा व्यायाम प्रचारात आणला. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतात तेच आवळून काही क्षण धरणे व सोडणे, असे किमान आठ वेळा, आणि हे सर्व दिवसातून तीनदा, एवढाच हा व्यायाम आहे. स्नायू ओळखण्यापुरती लघवी एकदा रोखून पाहण्यास हरकत नाही. रोजचा व्यायाम मात्र लघवी करताना करू नये. स्वयंपाक करताना किंवा वर्गात फळ्यासमोर उभे असतानाही तो करता येतो आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

एवढ्याने न भागल्यास गोळ्या आहेत. ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडीन, सोलिफेनासिन या गोळ्या अ‍ॅसिटिलकोलीनला स्नायूच्या दारातच अडवितात. अडचण अशी की हे द्रव्य शरीरात सर्वत्र काम करीत असते, त्यामुळे तोंडाला कोरड पडते, शौचास घट्ट होते, आणि वृद्धांच्या बाबतीत विसराळूपणा व भ्रम होण्याचा धोका असतो. काचबिंदूच्या काही प्रकारांत या गोळ्या चालत नाहीत. मिराबेग्रॉन ही नंतर आलेली गोळी वेगळ्या मार्गाने स्नायू सैल करते. तिने तोंड कोरडे पडत नाही, परंतु रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. पुष्कळ रुग्ण दुष्परिणामांना कंटाळून किंवा खर्चामुळे गोळ्या मध्येच सोडून देतात. गोळ्यांनी गुण न आलेल्या किंवा त्या न सोसणाऱ्या रुग्णांसाठी सुईचा विचार करावयाचा असतो.

विषाचे औषध कसे झाले

ही सुई ज्या द्रव्याची, ते जगातील अत्यंत जहाल विषांपैकी एक आहे. त्याचे नाव बोट्युलिनम. लॅटिन भाषेत सॉसेजला, म्हणजे मांस भरलेल्या आतड्याला, जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले, कारण जर्मनीच्या व्युर्टेम्बर्ग प्रांतात खराब झालेले सॉसेज खाऊन माणसे मरत असत. तेथील युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने १८२० आणि १८२२ साली या विषबाधेवर सविस्तर ग्रंथ लिहिले. केर्नर हा कवी म्हणूनही त्या देशात प्रसिद्ध होता. रोग्याची बुद्धी शाबूत राहते, पण पापण्या मिटतात, तोंड सुकते, घास गिळत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. तसेच मूत्राशयही काम करीनासे होते, हे त्याने टिपून ठेवले. विषाचा अल्प अंश त्याने स्वतःवरही घेऊन पाहिला. चेतासंस्थेच्या अतिरेकी हालचालींवर हेच विष अत्यल्प प्रमाणात औषध ठरू शकेल, असा तर्क त्याने तेव्हाच मांडला होता. तो खरा ठरण्यास दीडशे वर्षे जावी लागली.

१८९५ साली बेल्जियममधील एलझेल या खेड्यात एका अंत्यविधीसाठी जमलेल्या वाद्यवृंदातील ३४ वादकांनी खारविलेले डुकराचे मांस खाल्ले. अनेकांना बाधा झाली व तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्या मांसातून विष निर्माण करणारा जंतू वेगळा काढला. हवा नसलेल्या जागी वाढणारा हा जंतू आहे, हे त्यातून समजले. १९४६ साली अमेरिकेत हे विष शुद्ध स्फटिकरूपात मिळविण्यात आले आणि १९४९ साली इंग्लंडमधील आर्नोल्ड बर्गेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते चेतातंतूच्या टोकापाशी अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर पडू देत नाही, हे दाखवून दिले. वर दिलेल्या उपमेत सांगावयाचे तर ते टपालवाल्याला कचेरीतून निघूच देत नाही.

सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट हे तिरळ्या डोळ्यावर शस्त्रक्रियेवाचून उपाय शोधीत होते. डोळा एका बाजूला ओढणारा स्नायू थोडा सैल करता आला तर डोळा सरळ होईल, हा त्यांचा विचार. त्यांनी आधी माकडांवर आणि नंतर माणसांवर प्रयोग करून १९८० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८९ साली तिरळेपणा व पापण्यांची फडफड यांवर या औषधाला परवानगी दिली. पुढे चेहऱ्यावरील सुरकुत्या घालविण्यासाठी त्याचा इतका गाजावाजा झाला की ‘बोटॉक्स’ हे एका कंपनीने दिलेले नाव सिनेनटींच्या संदर्भातच लोकांना ठाऊक झाले. आजाऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे काम दुसरीकडे चालू होते. १९८८ साली अमेरिकेत डेनिस डिक्स्ट्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जारज्जूची इजा झालेल्या रुग्णांच्या परिसंकोची स्नायूत हे औषध टोचून पाहिले. त्यानंतर स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील ब्रिगिट शुर्च यांनी ते अशाच रुग्णांच्या मूत्राशयाच्या भिंतीतच टोचले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार सहा आठवड्यांनी तपासलेल्या १९ रुग्णांपैकी १७ जणांची लघवी गळणे पूर्ण थांबले होते. अमेरिकेत या उपचाराला चेतासंस्थेच्या विकारामुळे अनावर झालेल्या मूत्राशयासाठी २०११ साली, आणि इतर अनावर मूत्राशयासाठी २०१३ साली परवानगी मिळाली. भारतातही मोठ्या रुग्णालयांतील मूत्रविकारतज्ज्ञ हा उपचार करतात.

सुई कशी देतात

प्रत्यक्ष कृती तशी लहान आहे. आधी लघवी तपासून जंतुसंसर्ग नाही याची खात्री करतात. असेल तर तो बरा होईपर्यंत सुई पुढे ढकलतात. मूत्राशयात बधिर करणारे औषध नळीने सोडून थोडा वेळ ठेवतात. मग मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण आत घालून डॉक्टर पिशवीचा आतील भाग पाहतात व दुर्बिणीतूनच लांब, नाजूक सुई सरकवून भिंतीतील स्नायूत औषध टोचतात. सामान्य अनावर मूत्राशयासाठी १०० युनिट औषध २० ठिकाणी, सुमारे एकेक सेंटिमीटर अंतर सोडून विभागून देतात. चेतासंस्थेच्या विकारात २०० युनिट ३० ठिकाणी देतात. मूत्रवाहिन्या जेथे उघडतात तो पिशवीच्या तळाचा त्रिकोणी भाग सहसा वगळतात. पोटावर छेद घ्यावा लागत नाही. थोडी देखरेख झाल्यावर रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. एक-दोन दिवस लघवी करताना जळजळ होणे किंवा ती किंचित तांबूस दिसणे, यात घाबरण्यासारखे काही नाही.

एवढे जहाल विष शरीरात टोचावयाचे, या विचाराने रुग्ण बिचकतो आणि ते स्वाभाविक आहे. कुपीतील औषधाचे प्रमाण नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशात मोजावे लागते, एवढे ते अल्प असते आणि बहुतांशी टोचल्या जागीच राहते. ते चेतातंतूच्या टोकातील एक विशिष्ट प्रथिन तोडते. त्या प्रथिनावाचून अ‍ॅसिटिलकोलीनला बाहेर पडता येत नाही. तंतू मरत नाही. काही महिन्यांत तो पूर्ववत काम करू लागतो, आणि म्हणूनच सुईचा गुणही ओसरतो. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या या औषधांची युनिटे सारखी नसतात. एका कंपनीचे १०० युनिट म्हणजे दुसरीचे १०० युनिट नव्हेत. तेव्हा कोणते औषध व किती दिले, याची चिठ्ठी रुग्णाने जपून ठेवावी.

गुण किती, धोका किती

गुण पहिल्या दोन आठवड्यांत दिसू लागतो आणि सर्वसाधारणपणे सहा महिन्यांच्या आसपास टिकतो. कोणाला कमी, कोणाला अधिक. त्यानंतर सुई पुन्हा घ्यावी लागते, परंतु दोन सुयांमध्ये निदान बारा आठवड्यांचे अंतर असावे लागते. अपेक्षा किती ठेवावी याविषयी आकडेच बोलके आहेत. गोळ्यांनी गुण न आलेल्या ५५७ रुग्णांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना दिवसाला सरासरी पाच-साडेपाच वेळा लघवी गळत असे. बारा आठवड्यांनी औषध घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे २.७ वेळांनी घटले. नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांत ते ०.९ वेळांनी घटले. गळणे पूर्ण थांबलेले रुग्ण औषधाच्या गटात शंभरांत २३ आणि दुसऱ्या गटात सहा-सात होते. अर्थात सुई घेतली की प्रत्येक जण कोरडा होतो, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नव्हे. बहुसंख्यांचा त्रास निम्म्याने कमी होतो. परंतु ज्या बाईला दिवसातून पाच वेळा लुगडे बदलावे लागत होते तिला ते दोनदाच बदलावे लागले, तर तिच्या दृष्टीने ही सुधारणा लहान नसते.

धोक्याच्या बाजूला दोन गोष्टी आहेत. त्याच चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी शंभरांत पंधरा-सोळा जणांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण सहा होते. आणि सुमारे शंभरांत पाच-सहा जणांची पिशवी गरजेपेक्षा अधिक सैल पडून लघवी अडली. अशा रुग्णाला पिशवी पुन्हा आपले आपण रिकामी होऊ लागेपर्यंत, म्हणजे काही आठवडे वा काही महिने, दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते. सुईला होकार देण्यापूर्वी ही शक्यता रुग्णाला सांगितलीच पाहिजे आणि त्याची तयारी नसेल तर सुई देऊ नये. हातांना कंप असलेल्या वा दृष्टी अधू झालेल्या वृद्धाला नळी घालणे जमणार नाही. तेव्हा घरातील कोण हे काम करील, याचा विचार आधीच व्हावयास हवा.

स्वतः नळी घालणे हे ऐकावयास जितके भयंकर वाटते तितके ते नाही. मिशिगन विद्यापीठातील जॅक लॅपिडीस यांनी १९७२ साली दाखवून दिले की, यासाठी शस्त्रक्रियेच्या खोलीतील निर्जंतुकता लागत नाही. स्वच्छ धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. पिशवी वेळच्या वेळी रिकामी होणे हेच जंतुसंसर्गापासून खरे संरक्षण होय. मज्जारज्जूची इजा झालेले असंख्य रुग्ण हे तंत्र शिकून नोकरी-व्यवसाय करीत आहेत. अशा रुग्णांना नळी बहुधा आधीपासूनच लागत असते, त्यामुळे सुईने लघवी अडण्याची भीती त्यांना कमी असते. दोन नळ्यांच्या मधल्या वेळात कोरडे राहता येते आणि मूत्रपिंडांवरील दाब उतरतो, हा त्यांचा दुहेरी लाभ. मात्र इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर मूत्राशय भरताना व हाताळताना रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. म्हणून हा उपचार त्याची जाणीव असलेल्या रुग्णालयातच करून घ्यावा.

औषध दूरच्या स्नायूंपर्यंत पसरून गिळण्यास किंवा श्वासास त्रास होणे ही गोष्ट क्वचित घडते, परंतु तशी लक्षणे दिसताच तातडीने रुग्णालय गाठावे. मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायुदौर्बल्याच्या रोगात ही सुई धोक्याची ठरते. गरोदर स्त्रीला ती शक्यतो देत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना सांगावी. मनाने बंद करू नये. जेन्टामायसिन व त्या जातीची जंतुनाशके या औषधाचा स्नायूंवरील परिणाम वाढवितात, म्हणून सुईच्या सुमारास जंतुनाशक देताना ती टाळतात. गावातील डॉक्टरांकडे दुसऱ्याच कारणासाठी जावे लागले तरी ही सुई घेतल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.

सुईनंतर दोन आठवड्यांच्या आत पिशवीत किती लघवी शिल्लक राहते, याची सोनोग्राफीने तपासणी करून घ्यावयाची असते. बरे वाटत असले तरी ही फेरी चुकवू नये, कारण लघवी तुंबत असल्याचे रुग्णाला नेहमीच कळते असे नाही. औषध महाग आहे, ते शीतकपाटात जपावे लागते आणि पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. हा खर्च वर्षानुवर्षांचा आहे, हे कुटुंबाने आधीच लक्षात घ्यावे. ज्यांना सुई नको असेल त्यांच्यासाठी घोट्यामागील चेतातंतूला सौम्य विद्युत्प्रवाह देण्याची, किंवा कण्याच्या तळाशी छोटे यंत्र बसविण्याचीही पद्धत आहे. ती सर्वत्र उपलब्ध नाही.

शाळा व कचेऱ्या यांच्या बाबतीतही थोडे सांगणे आवश्यक आहे. ज्या इमारतीत स्वच्छतागृहाला कुलूप असते आणि किल्ली शिपायाकडे असते, तेथील अनावर मूत्राशयाच्या रुग्णाला कोणतेही औषध पुरेसे पडणार नाही. वर्गातून वारंवार बाहेर जाऊ देण्याची विनंती करणाऱ्या मुलाला सर्वांसमक्ष दटावण्याऐवजी त्याच्या पालकांना बोलावून लघवीची व साखरेची तपासणी करून घेण्यास सांगावे. लहान मुलांतील मधुमेहाचे पहिले लक्षण पुष्कळदा हेच असते.

तक्रार असलेल्या व्यक्तीने प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पुरुष डॉक्टरांशी बोलण्याचा संकोच वाटल्यास स्त्रियांनी परिचारिकेला सांगावे. लघवीची व रक्तातील साखरेची तपासणी तेथे होऊ शकते. पुढे मूत्रविकारतज्ज्ञाकडे जाताना तीन दिवसांच्या नोंदींची वही, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी, आणि पूर्वी झालेल्या बाळंतपणांची व शस्त्रक्रियांची कागदपत्रे बरोबर न्यावीत.